वीतभर जागा

१

आमच्या मागच्या अंगणाला कुंपण घालायचं ठरलं ते मास्तरांच्या टोपीमुळे.

मास्तर म्हणजे आमच्या पाठीमागच्या घरात राहणारे निवृत्त कवायतमास्तर. त्यांचं अंगण आणि आमचं अंगण पाठीला पाठ लावून, मध्ये एक गंजकी तारेची जाळी. रोज सकाळी मास्तर जाळीपलीकडे व्यायाम करायचे, हात वर, हात खाली, आणि अलीकडून आमचे दोन कुत्रे त्यांना साथ द्यायचे. कुत्रे खरोखरचे मोठे. वासरं म्हणून बाजारात उभे केले असते तर कुणीतरी दात बघायला पुढे झालं असतं. थोरल्याचं नाव वकील, कारण तो एकदा भुंकून थांबतो, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी मान वाकडी करतो आणि मग पुढचा मुद्दा मांडतो. धाकटी गादी. ती जिथे बसते तिथे दुसऱ्या कुणाची बसायची सोय राहत नाही.

त्या दिवशी मास्तर कमरेत वाकले, त्यांची टोपी जाळीवर पडली आणि गादीने मागच्या पायांवर उभं राहून ती उचलली. फाडली नाही, चावली नाही. फक्त तिच्यावर बसली, ती दुपारपर्यंत. मास्तर पुढच्या दाराने आले आणि अगदी शांतपणे म्हणाले की भुंकणं थांबलं नाही तर ते पालिकेत अर्ज देतील, एवढाली जनावरं वस्तीत ठेवता येतात का ते मग तिथली माणसं बघतील. त्यांनी आरडाओरडा केला असता तर आम्ही मनावर घेतलं नसतं. शांत माणसाच्या अर्जाची भीती वाटते.

माझा नवरा यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. धुलाईयंत्र कसं चालवावं, मिक्सरमध्ये बोट का घालू नये, असं. त्यामुळे कुंपण निवडण्याचं काम त्याने एखादी परीक्षा असावी तसं अंगावर घेतलं. लाकूड, पत्रा, बांबू, सिमेंटच्या फळ्या, प्लास्टिक. जेवताना कुंपण, फिरायला जाताना लोकांची कुंपणं. एकदा तर अनोळखी माणसाच्या फाटकाशी उकिडवा बसून त्याने फळ्यांवर टिचक्या मारल्या आणि त्या माणसाला आम्ही काय करतोय ते समजावून सांगण्यात आमचं फिरणं संपलं.

शेवटी कुंपणवाला आला. कुत्रे बघितल्यावर तो गाडीतून उतरलाच नाही, काच थोडी खाली करून बोलला. मोठ्या कुत्र्यांना फट ठेवायची नाही, म्हणाला, दिसलं की भुंकणार. आडव्या पट्ट्या आतल्या बाजूने नकोत, शिडी समजून चढतील. खाली सिमेंटचा पट्टा हवा, नाहीतर उकरतील. आणि उंची किती हवी ते कळण्यासाठी कुत्री उभी राहून कुठवर पोचते ते मापून ठेवा. मग माझा नवरा भिंतीशी बिस्कीट उंच धरून उभा राहिला आणि मी खडूने खूण केली. खूण त्याच्या डोक्याच्या वर झाली. बिस्कीटही गेलं.

२

मास्तरांना लाकूड पटेना. वाळवी लागते म्हणाले, पत्रा घाला. नवरा म्हणाला, पत्र्यावर गादी आदळली तर ढोल वाजल्यासारखं होईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनाही ते माहीत होतं, त्यामुळे तोडगा निघायची आशा नव्हती. शेवटी ठरलं की ज्याने त्याने आपलं कुंपण आपल्या हद्दीत घालावं. आमच्या बाजूला लाकडी फळ्या, त्यांच्या बाजूला हिरवा पत्रा. मधोमध जुन्या जाळीचा दगडी पाया होता. तो निघता निघेना, म्हणून दोन्ही कुंपणं त्याला सोडून उभी राहिली.

मध्ये वीतभर जागा उरली.

तिथे उंदीर शिरतील म्हणून दोन्ही टोकं बंद करावीत, यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. एक टोक आम्ही फळी ठोकून बुजवलं, दुसरं मास्तरांनी पत्र्याने. कुंपणवाला जाताना हसून म्हणाला, "घ्या, दोघांच्या वादात एक खोली बांधून झाली." कुणी हसलं नाही. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. भिंती चारही बाजूंनी होत्या, दार कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कुत्रे भुंकेनासे झाले. मास्तर पलीकडे व्यायाम करत होते, त्यांचे श्वास ऐकू येत होते, पण वकील नुसता मान वाकडी करून उभा. नवऱ्याची छाती फुगली. त्याने पाहुण्यांना अंगणात नेऊन कुंपण दाखवायला सुरुवात केली. पाहुण्यांना कुंपणाबद्दल जेवढं बोलता येतं तेवढं ते बोलायचे आणि मग चहा मागायचे.

३

मी कान तपासते. दवाखान्यात काचेची खिडकी असलेली एक बंद खोली आहे. माणसाला आत बसवायचं, कानांवर यंत्र लावायचं, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की बटण दाबायचं. या कामात एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे शांततेत माणसाला काहीही ऐकू येतं. मी आवाज सोडलेलाच नसतो आणि आतला माणूस खुशाल बटण दाबत असतो. म्हणून मला काही ऐकू आलं तर मी आधी स्वतःवर संशय घेते.

पण त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नाही, आणि गोंधळ तिथेच झाला.

दवाखान्याला सुट्टी होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी पुसत होते. बाहेर वकील आणि गादी कुंपणापुढे शेजारी शेजारी बसले होते. पाठी ताठ, तोंडं फळ्यांकडे. गादीला 'बस' हा शब्द आम्ही ती पिल्लू असल्यापासून शिकवत होतो. एक शिकवणारा माणूसही ठेवला होता, तो शेवटी हात टेकून स्वतःच खाली बसला. आणि इथे ती शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी बसली होती.

मग वकीलने उजवा पंजा वर उचलला, धरून ठेवला, खाली ठेवला. त्यानंतर गादीने. तिने डावा उचलला, थांबली, चूक कळल्यासारखा खाली ठेवून उजवा उचलला.

मी भांडं ठेवून कान दिला. पाण्याची टाकी भरत होती. लांब कुठेतरी मिक्सर फिरत होता. पानं हलत होती. त्या सगळ्याच्या मागे काही नव्हतं. नेहमी शांततेतसुद्धा काहीतरी असतं, पण कुंपणाच्या त्या तुकड्याकडून काहीही येत नव्हतं. समोरचा माणूस बोलणं थांबवून तुमचं ऐकत असला म्हणजे जसं वाटतं, तसं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मास्तर पलीकडून शिट्टी वाजवत असावेत. कुत्र्यांना ऐकू येते आणि माणसांना येत नाही, अशी शिट्टी मिळते. नवरा खूश झाला. आपण शिकवणाऱ्यापुढे हात जोडले, म्हणाला, आणि मास्तर घरबसल्या शिकवतायत, बोलू नकोस त्यांना काही.

४

बोलायला मास्तरच आले. त्यांच्या पत्र्याला पोक आला होता. आमचे कुत्रे रेलून रेलून पत्रा त्यांच्या अंगणात ढकलतायत, अशी त्यांची तक्रार.

मी त्यांना आमच्या अंगणात नेलं. फळ्या सरळ होत्या. नवऱ्याने रोज हात फिरवून त्यांना चकाकी आणली होती. मास्तरांनी एक डोळा मिटून, मुलांची रांग बघावी तसं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. कुत्रे रेलले असते तर आधी आमचं लाकूड वाकलं असतं, आणि लाकूड वाकलेलं नव्हतं.

मी हळूच शिट्टीचं विचारलं. त्यांना ते लागलं. त्यांनी उभ्या आयुष्यात शिट्टी वापरली नव्हती, नुसत्या आवाजावर मैदानभर पोरं सरळ केली होती. मग म्हणाले, "पत्रा सकाळी कोमट लागतो. एवढ्या उंचीवर." त्यांनी स्वतःच्या कमरेशी हात धरला.

मी म्हणाले, ऊन पडलं की पत्रा तापतो आणि फुगतो.

ते म्हणाले, हो, तेच असणार.

आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. दोघांनाही ते दिसत होतं. आम्ही वर बघितलं नाही.

५

माझे सासरे आमच्याकडेच असतात. त्यांचं आयुष्य छापखान्यात गेलं, यंत्रांच्या धडधडाटात कान गेले, आणि सासूबाई गेल्यावर बोलणंही आटलं. मी त्यांच्यासाठी आणलेलं कानाचं यंत्र कपड्यांच्या खणात पडून होतं. सगळं ऐकून झालंय, असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ओरडायचे. ऐकू न येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्याने बोलतो. बाबांनी मीठ मागितलं तर चौथ्या घरात कळायचं.

एक दिवस दुपारी त्यांनी केसांना पाणी लावून भांग पाडला. स्वच्छ सदरा घातला, खुर्ची उचलली आणि अंगणात जाऊन दोन कुत्र्यांच्या मध्ये बसले. ताठ. मी खिडकीतून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मध्येच ते हसले, मान डोलावली, पुन्हा बोलले. मी दारापर्यंत गेले, तरी शब्द कळेनात.

बाबा कुजबुजत होते. ज्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही त्याला कुजबुजता येत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात तसं कुणाला करताना मी पाहिलेलं नाही.

चहा देताना मी त्यांच्या समोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि विचारलं की दुपारी कुणाशी बोलत होतात.

"मागच्यांशी," ते म्हणाले. हळू आवाजात.

"मास्तरांशी?"

"छे. मास्तर कसले बोलतायत. मागच्यांशी."

"काय म्हणतात ते?"

"विचारपूस करतात. घरात कोण कोण आहे, कोण कुठे झोपतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "नीट ऐकून घेतात, सूनबाई. तुम्हा लोकांसारखं घड्याळाकडे बघत नाहीत."

हे शेवटचं वाक्य खरं होतं.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं. आधी बारीक, मग मोठे, मग शेजारच्या खोलीतल्या रुग्णाने दार उघडून बघावं एवढे आवाज सोडले. बाबांनी बटणाला हात लावला नाही. त्यांचे कान गेल्या वेळी होते तसेच होते, किंबहुना थोडे जास्तच गेलेले. बाहेर आल्यावर म्हणाले, यंत्र दुरुस्तीला दे, काही वाजत नाहीये.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा आईच्या आठवणीने बोलत असतील, बोलू दे, माणूस हसतोय तरी. तेही खरंच होतं. बाबा दुसऱ्यांदा भात मागायला लागले होते.

६

मधल्या जागेत डोकावून बघायचं, असं मी आणि मास्तरांनी ठरवलं. नवरा कामाला गेलेला, बाबा जेवून लवंडलेले, कुत्रे स्वयंपाकघरात कोंडलेले. भरदुपारी, लख्ख उजेडात, मी आमच्या बाजूने शिडी लावली, त्यांनी त्यांच्या बाजूने. मी चढून वर डोकं काढलं तर पलीकडून मास्तरांची टोपी वर येत होती. अंगण मापणारे दोन शेजारी कुंपणावरून एकमेकांकडे बघतायत, हे चित्र कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. मास्तरांनी सवयीने हुकूम दिला, "खाली पहा."

आम्ही खाली पाहिलं.

गवत होतं. ऊन न मिळाल्याने पिवळं पडलेलं, लांब. ते सगळं एका अंगाला झोपलेलं होतं. कुत्रा बसण्याआधी गोल फिरून गवत दाबतो ना, तसं दाबलेलं, पण इथे फिरायला जागा नव्हती, म्हणून लांबीच्या लांबी दाबलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग मला मधोमध काहीतरी दिसलं. जिथे कुत्रे बसायचे, बाबांची खुर्ची असायची, नेमक्या त्या जागी, पण आतल्या बाजूने. आमच्या फळ्यांना चिकटून. आधी वाटलं अळंबी उगवलीय. मग आकार ओळखला. तो ओळखायला मला क्षणही लागायला नको होता, रोजचं काम आहे माझं. वरची दुमड, आतली वळणं, खालची पाळी. लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत असेल. फळीवर घट्ट दाबून धरलेला होता, आपण दाराला लावतो तसा.

आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की किती निरोगी आहे. एक ओरखडा नाही, मळ नाही. असा कान मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता.

माझ्या पायाखाली शिडी करकरली. तो कान फळीपासून सावकाश सुटला आणि वर, माझ्याकडे वळला.

"बाई," मास्तर म्हणाले, "उतरा."

मी उतरले. पलीकडे तेही उतरल्याचा आवाज आला, मग त्यांच्या घराचं दार लागल्याचा. संध्याकाळी मी त्यांना गाठलं आणि काय दिसलं म्हणून विचारलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"गवत," म्हणाले. "तुम्हाला?"

"गवतच," मी म्हणाले.

७

दोन्ही कुंपणं काढायची, हे मास्तरांनीच आमच्या दिवाणखान्यात येऊन सांगितलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आमच्याकडे टेकले. कुत्रे भुंकू देत, म्हणाले, मला चालेल, उलट करमत नाही. नवऱ्याला गहिवरून आलं. एवढ्या मेहनतीने निवडलेलं कुंपण जाणार याचं दुःख होतंच, पण शेजाऱ्याचं मन जिंकलं या आनंदात त्याने ते गिळलं आणि मास्तरांना पुन्हा पुन्हा चहाचा आग्रह केला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

कुंपणवाला आला तो बुचकळ्यात पडूनच. लाकूड आवडलं नसेल तर पत्रा घ्या आणि पत्रा आवडला नसेल तर लाकूड घ्या, असं त्याने दोघांना सुचवून पाहिलं. मग त्याने फळ्या काढायला घेतल्या. एकेक फळी निघत होती तशी मी एकेक पाऊल मागे सरकत होते. मास्तर आमच्याच अंगणात, माझ्या शेजारी सावधानमध्ये उभे होते. बाबा खुर्चीवर, कुत्रे पायाशी. कुणी भुंकत नव्हतं.

शेवटची फळी निघाली. मध्ये पिवळं गवत होतं आणि जुन्या जाळीचा दगडी पाया होता. बाकी काही नव्हतं. कुंपणवाल्याने गवताला हात लावला आणि म्हणाला की इथे कुत्रं येऊन बसत होतं वाटतं, अजून ऊब आहे.

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी खुर्ची उचलली, कुत्र्यांना मानेने खूण केली आणि आत निघून गेले. कुत्रे त्यांच्या मागोमाग गेले, एका बाजूला सरकून. आणखी कुणाला तरी वाट ठेवल्यासारखे. असं मला आता वाटतं. तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकत होते.

पत्राही निघाला आणि नवी जाळी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर व्यायामाला आले. हात वर, हात खाली. मी मागच्या दारात उभी होते, वकीलच्या पहिल्या मुद्द्याची वाट बघत. मास्तरही वाट बघत होते. हात वर गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी जाळीतून माझ्याकडे पाहिलं.

मी आत गेले. स्वयंपाकघरात कुत्रे नव्हते, दिवाणखान्यात नव्हते. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि दारात नवरा उभा होता, तोंडात दात घासायचा ब्रश. मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. वकील आणि गादी कपाटापुढे शेजारी शेजारी बसले होते, पाठी ताठ. तोंडं कपाटाकडे नव्हती. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जी फट होती, तिच्याकडे होती. आत अंधार होता. बाबा खाटेच्या काठावर बसले होते, भांग पाडून.

"कपाट जरा पुढे ओढ रे," ते नवऱ्याला म्हणाले, अगदी हळू. "अंग चोरून उभं राहावं लागतंय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा विचारणार, कुणाला. प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक बटणाचं कारण विचारणारा माणूस आहे तो. त्याने विचारलं नाही. ब्रश तोंडातून काढला, खिडकीत ठेवला, आत गेला आणि कपाटाची एक कड धरली.

कपाट जुनं, भरलेलं. एकट्याला हलेना. वकीलने पंजा वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. बाबा माझ्याकडे बघून हसले, सासूबाई असताना हसायचे तसे.

मी आत गेले आणि दुसऱ्या कडेला हात लावला.